ताई, ते एक वाक्य बंद करायला लावलंत म्हणून

ताई,

फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "चल, काहीतरीच काय" म्हणून विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितेय.

खरं सांगू का, मला सातवा लागला तेव्हा तुम्ही राहायला आलात आणि पहिल्याच संध्याकाळी माझ्या लेकाबद्दल म्हणालात, "त्याला सारखं तू आता मोठा झालास म्हणणं बंद कर", तेव्हा रागच आला होता. मनात म्हटलं, झालं सुरू. पण मग माझं मलाच ऐकू यायला लागलं, चप्पल घालताना मोठा, सांडलं की मोठा, रडला की मोठा. पोरगं जेमतेम तीन वर्षांचं, त्याच्या लेखी मोठं होणं म्हणजे आईच्या कुशीतनं बाहेर जाणं.

बरं आम्ही त्याला सांगत काय होतो तर खेळायला भिडू येणार! तुम्ही त्याला मांडीवर घेऊन सरळ सांगितलंत की बाळ आधी नुसतं झोपणार, रडणार आणि दूध पिणार, बॉल टाकलास तरी पकडणार नाही. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. पण बाळ घरी आल्यावर त्याने तिला नीट निरखून बघितलं आणि म्हणाला, "आत्याने सांगितलं तस्संच आहे."

पाळणा दोन महिने आधीच रिकामा करून त्याला पलंगावर हलवलं, झोपवायचं काम बाबाकडे दिलं, तेही तुमचंच. पहिल्या चार रात्री तो आतून आई आई करत होता आणि तुम्ही बाहेर माझा हात धरून बसला होतात, उठू दिलं नाहीत. मला तेव्हा तुम्ही दुष्ट वाटलात, सॉरी. पुढे दिवसरात्र मिळून आठ-दहा-बारा वेळा पाजायचं सुरू झालं तेव्हा कळलं. तो चड्डी ओली करायला लागेल हेही सांगून ठेवलं होतंत, तिसऱ्या आठवड्यात झालंच, पण मी काही न बोलता चड्डी बदलत राहिले आणि आपोआप थांबलं.

त्याचा ससा त्याला बाळाजवळ ठेवायचा होता. पाळण्यात उशी नको, खेळणी नको, बाळ उताणंच झोपवायचं, हे तीन वर्षांच्या मुलाला कसं सांगणार? तुम्ही फोनवरून म्हणालात ससा बाहेरून पहारा देईल. अजून देतोय, खुर्चीवर बसून.

पण सगळ्यात भारी ते दुसरं. "बाळ झोपलंय, गप्प बस" असं म्हणायचं नाही, बाळाचं नाव पुढे करायचं नाही, "माझे हात अडकलेत" म्हणायचं, आणि कधीकधी बाळालाही थांबवायचं, दादाला ऐकू जाईल असं. एकदा ती गाढ झोपलेली असतानाच मी म्हटलं, "थांब गं जरा, आधी दादाचं बघते." तो गाडीचं चाक फिरवत होता, हात तसाच थांबला, वर बघितलं, आणि काही न बोलता येऊन मला चिकटून बसला. गाडीचं काय दाखवायचं होतं ते राहूनच गेलं.

आता ती चार महिन्यांची आहे. काल तो तिला समजावत होता, "तू आता मोठी झालीस ना, रडायचं नाही."

कुठून शिकला ते विचारू नका.

तुमची वहिनी