‘द जंगल बुक’ मूळ स्वरूपात मिळावी, यासाठी तक्रार पत्र

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
मुलांच्या कार्यक्रमांची ओटीटी सेवा

विषय : ‘द जंगल बुक’ ही ॲनिमेशन मालिका जाहिरातीप्रमाणे न दाखवल्याबद्दल.

महोदय / महोदया,

आपल्या सेवेची वार्षिक वर्गणी मी एकाच मालिकेसाठी भरली. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी लागणारी मोगलीची मालिका ‘संपूर्ण आणि मूळ स्वरूपात’ आणल्याची जाहिरात आपण उन्हाळी सुट्टीच्या तोंडावर केलीत. जाहिरातीत तेच जुने शीर्षकगीत वाजत होते, गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांची चाल असलेले. त्यामागोमाग नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान वाघ. 1993 साली जे शाळकरी वयाचे होते, त्यांना एवढे पुरते.

प्रत्यक्ष मालिकेत ते गाणेही नाही आणि तो आवाजही नाही. शीर्षकाला दुसरीच एक धून लागते आणि सगळी पात्रे नव्या आवाजांत बोलतात. नवे डबिंग करूच नये असे माझे म्हणणे नाही. त्या कलाकारांनीही मेहनत घेतलीच असेल. जुन्या हिंदी ध्वनिमुद्रणाचे हक्क आपल्याकडे नसतील, तर ग्राहकाला तसे आधी सांगायला हवे होते. आणि हक्क नसतील, तर ते गाणे जाहिरातीत कसे आले, हा माझा पहिला प्रश्न आहे. 2020 च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ही मालिका पुन्हा दाखवली तेव्हा माझी मोठी मुलगी ती शेरखानच्या भीतीने उशी घट्ट धरून बघायची. ती भीती वाटायलाच हवी. शेरखान भयंकर असेल तरच मोगलीच्या धाडसाला काही अर्थ उरतो. आपला नवा शेरखान बोलायला लागला की धाकटी हसते.

यापेक्षा मोठे नुकसान चित्राचे झाले आहे. ही मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने 1989-90 मध्ये केली. त्या काळी टीव्हीचा पडदा चौरसाच्या जवळ जाणारा, म्हणजे 4:3 प्रमाणाचा होता, आणि प्रत्येक दृश्य त्या मापातच रेखाटले जाई, पारदर्शक प्लास्टिकच्या तावांवर हाताने रंगवले जाई. आपण ते आजच्या रुंद 16:9 पडद्यावर काठोकाठ बसवण्यासाठी वरून आणि खालून कापले आहे. हिशेब सोपा आहे : असे केले की चित्राचा चौथा हिस्सा जातो. जंगलाच्या गोष्टीत वर आणि खाली हेच तर महत्त्वाचे. मोगली जमिनीवर, बघीरा फांदीवर, माकडे शेंड्यावर. आपल्या प्रतीत बघीराचे कान कापलेले असतात आणि मोगलीचे पाय गवतात आहेत की पाण्यात, ते कळत नाही. ज्या चित्रकारांनी प्रत्येक झाड विचार करून उभे केले, त्यांच्या कामाला अशी कात्री लावण्याचा अधिकार कोणालाही असू नये, असे मला मनापासून वाटते. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या तर मुलांना काहीही अडचण येत नाही. आमच्या घरात ती जुने कार्यक्रम तसेच बघतात.

मूळ मालिका 52 भागांची आहे. आपली यादी 44 वर संपते. काही ठिकाणी दोन भाग जोडून एक केला आहे आणि जोडताना मधला मजकूर गाळला आहे. इसापनीती किंवा पंचतंत्रातली एखादी गोष्ट वगळली तरी पुढची कळते. इथे तसे होत नाही. मोगली लहानाचा मोठा होतो, कळपातली नाती बदलतात, एका भागात घडलेल्याचे परिणाम पुढे दिसतात. मुले विचारतात, ‘हा कधी आला?’ आणि दर वेळी मलाच गोष्ट सांगावी लागते.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे पत्र लिहायला बसले ती सांगते. दोन भागांच्या मध्ये आपण मुलांसाठी प्रश्नमंजुषा घातली आहे. त्यात प्रश्न येतो : ‘मोगली कोणत्या देशातल्या किंवा खंडातल्या जंगलात राहतो?’ माझ्या भाच्याने ‘भारत’ निवडले. त्यावर लाल फुली आली आणि ‘आफ्रिका’ या उत्तरापुढे हिरवी खूण उमटली. हा मुलगा गेल्या दिवाळीत नागपूरच्या आजोबांबरोबर पेंचला जाऊन आला आहे. तिथे त्याला मोगलीचे जंगल हेच, असे सांगितले होते. फुली बघून तो गप्प झाला आणि मग मला म्हणाला, ‘मावशी, आजोबांना चुकीचं माहीत होतं का?’

आजोबांना बरोबर माहीत होते. रुडयार्ड किपलिंग 1865 मध्ये मुंबईत जन्मले. त्यांचे वडील जे. जे. कला विद्यालयात शिकवत. मोगलीच्या कथा किपलिंग यांनी अमेरिकेत व्हर्माँटमध्ये राहून लिहिल्या, पुस्तके 1894 आणि 1895 मध्ये आली, पण त्यांतले जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीचे, म्हणजे पेंचच्याच भागातले, आणि नदी वैनगंगा. ती सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि पुढे आपल्या भंडारा, गोंदिया, गडचिरोलीतून वाहते. आफ्रिकेच्या जंगलात वाघ नसतात. शेरखान ज्या गोष्टीत आहे तिच्याबद्दल असा प्रश्न तयार करणाऱ्याने आणि तपासणाऱ्याने एवढाही विचार केला नाही, याचे मला फार वाईट वाटते. महाराष्ट्रातल्या मुलाला ही गोष्ट स्वतःच्या नदीकाठची म्हणून भेटू शकते. ती त्याच्याकडून काढून घेऊ नका. प्रश्न विचारायचेच असतील तर विचारण्यासारखे पुष्कळ आहे. मालिकेतला किची हा लाल पांडा मूळ पुस्तकात नाही, तो जपानी निर्मात्यांनी आणला. आणि लाल पांडा राहतो पूर्व हिमालयात, सिवनीत नव्हे. मुलांना असे शोधायला आवडते.

आपल्या ग्राहक सेवेने मला ॲप अद्ययावत करायला आणि टीव्हीची सेटिंग तपासायला सांगितले. दोन्ही केले. आपल्याच सेवेवरचे इतर जुने कार्यक्रम पट्ट्यांसह पूर्ण दिसतात, म्हणजे दोष माझ्या टीव्हीत नसून या मालिकेच्या प्रतीत आहे. त्यानंतर ‘आपला अभिप्राय संबंधित विभागाकडे पाठवला आहे’ असे कळवून तक्रार बंद करण्यात आली. मी अभिप्राय दिला नव्हता.

माझी मागणी अशी. प्रश्नमंजुषेतील चूक ताबडतोब दुरुस्त करावी. त्याला कसलेही हक्क लागत नाहीत. मालिका मूळ 4:3 प्रमाणात आणि सर्व 52 भागांसह द्यावी. जुने हिंदी ध्वनिमुद्रण मिळवता येत असेल तर नव्या डबिंगसोबत तोही पर्याय ठेवावा, आणि मिळत नसेल तर ते गाणे, तो आवाज व ‘मूळ स्वरूपात’ हे शब्द जाहिरातीतून काढावेत. हे होणार नसेल तर माझी वर्गणी पूर्ण परत करावी. प्रती बदलणार असाल तर मला पैसे नकोत, मालिका हवी आहे.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 नुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवून पुढे पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात दाद मागता येते, आणि दिशाभूल करणारी जाहिरात व सेवेतील त्रुटी या दोन्ही बाबी त्या कायद्यात येतात. उत्तर कृपया लेखी आणि मराठीत द्यावे.

आपली,
एक वर्गणीदार,
कोथरूड, पुणे

सोबत : वर्गणीची पावती, जाहिरातीची चित्रफीत, प्रश्नमंजुषेच्या पडद्याचे छायाचित्र, भागांच्या यादीची प्रत, ग्राहक सेवेशी झालेला संवाद.