समोरच्याची बाजू लिहिताना

बेळगाव,
रविवार, दुपार

प्रिय संदीप,

पत्र मिळालं. शिवाजी विद्यापीठात एम.ए.ला प्रवेश झाला, बरं वाटलं. पहिल्याच सत्रात शोधनिबंध लिहायचा म्हटल्यावर तुझी पाचावर धारण बसलेली दिसते. इंग्रजीच्या तासाला आम्हाला ‘रिसर्च रायटिंग’ म्हणून नेमकं काय शिकवायलेत ते सविस्तर लिही म्हणालास. लिहितो, पण मग पत्र लांबलं म्हणून कुरकुर करायची नाही.

संदर्भ कसे द्यायचे याचा आधी बाऊ करू नकोस. साहित्यातल्या एमएलए पद्धतीत कंसात आडनाव आणि पान क्रमांक, मानसशास्त्रातल्या एपीए पद्धतीत आडनाव आणि वर्ष. साहित्यवाल्याला ती नेमकी ओळ उघडून बघायची असते. मानसशास्त्रवाल्याला संशोधन ताजं की शिळं ते आधी कळायला लागतं. एवढं ध्यानात आलं की स्वल्पविराम कुठे आणि टिंब कुठे हे पुस्तक बघून घालता येतं. झोटेरो हे संदर्भांची यादी करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते घे. त्यानं काढलेली यादी मात्र एकदा नजरेखालून घाल.

खरी झटापट विषयापाशी होते. वर्गातल्या बऱ्याच मराठी पोरांनी ‘सीमाप्रश्न’ असं एका शब्दात लिहून दिलं, मीही त्यातलाच. मॅडमनी सगळे कागद परत केले. म्हणाल्या, “याच्यातला असा एक प्रश्न काढा, ज्याचं उत्तर तुम्हाला आज माहीत नाही.” आता बघ की, सीमाप्रश्नातलं काही आपल्याला माहीत नाही, असं म्हणायची आपल्या लोकांना सवय कुठली? १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत आपण बापाच्या खांद्यावर बसून गेलेली माणसं! शेवटी घासूनपुसून प्रश्न ठरला तो असा: महाजन आयोगानं बेळगाव शहर म्हैसूर राज्यातच (म्हणजे आजच्या कर्नाटकात) ठेवताना कोणती कारणं दिली, आणि खानापूर-निपाणीचा निर्णय वेगळा का केला?

महाराष्ट्र-म्हैसूर सीमावादासाठी नेमलेला हा आयोग म्हणजे एकटे निवृत्त सरन्यायाधीश मेहरचंद महाजन. नेमणूक १९६६ची, अहवाल १९६७चा. ‘महाजननं आपला घात केला’ हे आपल्या गल्लीत शेंबडं पोरही सांगेल. पण याच अहवालात खानापूर, नंदगड, निपाणी धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्या, असंही म्हटलंय. उलट दक्षिण सोलापूर, अक्कलकोट भागातली मिळून २४७ गावं म्हैसूरला. महाराष्ट्राची मागणी ८१४ गावांची होती, शिवाय बेळगाव हातचं जाणार. म्हणून आपण तो फेटाळला. म्हैसूरला मान्य होता. म्हणजे अहवाल होता तसा लागू झाला असता, तर तू आणि मी खानापुरात बसूनच महाराष्ट्रात असतो! गणपत गल्लीच्या वाचनालयात नेहमी पेपर वाचत बसणाऱ्या एका काकांना हे सांगितलं, तर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाले, “कुणी सांगितलं तुला?” अहवालाचं नाव घेतलं तर म्हणाले, “अहवालात काय, काहीही लिहितात.” यावर काय बोलणार, सांग.

पण मॅडमचा सगळ्यात अवघड नियम पुढेच आहे. निबंधात विरुद्ध बाजूचा एक परिच्छेद हवाच, आणि तो त्या बाजूच्या माणसानं वाचून ‘होय, आमचं म्हणणं हेच आहे’ असं म्हणायला पाहिजे. माझा मसुदा तपासायला जी जोडीदार मिळाली ती बैलहोंगलची, घरात पक्कं कन्नड. तिनं पेन्सिल काढली, एक अक्षर वाचायच्या आधी नुसते कंस मोजले आणि समासात दोन आकडे लिहिले. वरचा माझ्या बाजूच्या संदर्भांचा, खालचा तिच्या. खाली फक्त १, तोही एका वर्तमानपत्रातल्या बातमीचा. आकड्यांखाली रेघ ओढून कागद माझ्याकडे सरकवला. बोलली काहीच नाही. मग अहवालात परत शिरलो. शहराच्या तीन बाजूंना कन्नड मुलूख आहे, जुनी सरकारी दफ्तरं कन्नडमध्ये आहेत, ही आयोगाची कारणं त्याच्याच पानांवरून, पान क्रमांकासकट मांडली. ती मांडल्यावर त्यांना उत्तर देणं आलं. खेडं हा घटक धरा, भाषिक बहुमत बघा, गावं सलग आहेत का बघा, ही महाराष्ट्राची कसोटी आपण लहानपणापासून ऐकतो. पण ती कुठल्या कारणाला भिडते आणि कुठल्या कारणाला नुसती बगल देते, हे मला त्या दिवशी कळलं. निबंधातली निम्मी विशेषणं आपोआप गळून पडली. तिनं दुसऱ्यांदा वाचलं, ‘हूं’ म्हणाली आणि वर स्पेलिंगच्या दोन चुका दाखवल्या.

सुट्टीत घरी बाबांना हा परिच्छेद मराठीत करून ऐकवला. ते म्हणाले, “हे सगळं तूच लिहून दिलंस, मग त्यांना वकील कशाला पाहिजे?” मी म्हटलं, बाबा, पुढचा परिच्छेद ऐका की. ते आंघोळीला उठून गेले. जेवताना मात्र स्वतःहून विचारलं, “पुढं काय लिहिलायस?”

दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून खपवायच्या चोरीबद्दलही सांगतो, कारण तुमच्याकडे त्याचा धाक जास्त असणार. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८चे नियम आहेत: प्रबंधात १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यावर शिक्षेच्या पायऱ्या, ६० टक्क्यांच्या वर गेलं की नोंदणीच रद्द. त्यामुळे पोरं टक्के कमी करायच्या मागे लागतात, इथला शब्द काढ, तिथला घाल. आपल्यासारख्या दोन-तीन भाषा येणाऱ्यांना तर सरळ पळवाट आहे. मराठी पेपरातला लेख उचलून इंग्रजीत उतरवला, तर सॉफ्टवेअरला सहसा पत्ता लागत नाही. माझ्या मते ती चोरी जास्त वाईट, कारण आपला लिहिणारा माणूस तिकडे नावानिशी पोचतच नाही.

आता एक काम. अहवाल फेटाळताना महाराष्ट्र सरकारनं जी कारणं दिली, ती मला मूळ कागदातली हवी आहेत. कुणी नंतर भाषणात सांगितलेली नकोत. तुमच्या खर्डेकर ग्रंथालयात विधानसभेच्या कामकाजाचे जुने खंड आहेत का, एवढं विचार. सापडले तर मोबाईलवर फोटो काढ, वर्ष आणि पान क्रमांक दिसेल असा. मसुदा महिनाअखेरीला द्यायचाय, तेव्हा घाई कर लेका.

काकूंना नमस्कार सांग. दिवाळीला येशील तेव्हा तुझा विषय काय ठरला ते ऐकतो. एका शब्दात सांगू नकोस म्हणजे झालं.

तुझाच,
विनायक