तक्रार : ‘हीलरसाठी खास’ म्हणून विकलेल्या माउसची बटणे शिफ्टसोबत चालत नाहीत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बारा बटणांच्या गेमिंग माउसमधील दोष आणि खोक्यावरील दिशाभूल करणारा मजकूर

महोदय,

मी जळगावला एका डाळ मिलमध्ये हिशेब बघते आणि रात्री वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन खेळ खेळते. खेळात माझे पात्र प्रीस्ट, म्हणजे पुजारीण, आहे, काम हीलरचे. म्हणजे पाच जणांच्या गटात बाकी चौघे मारामारी करणार आणि मी हील (जखमा भरणारी जादू) देऊन त्यांना जिवंत ठेवणार. आपला माउस मी आपल्याच वेबसाइटवरून 4,299 रुपयांना मागवला, कारण वेबसाइटवर आणि खोक्यावर ‘हीलरसाठी खास’ असे ठळक छापले आहे. छापलेले खरे नाही, एवढीच माझी तक्रार. पण आपल्या ग्राहक सेवेत दर वेळी नवा माणूस फोन घेतो आणि दर वेळी मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागते, म्हणून यावेळी सगळे लिहूनच पाठवते आहे.

माउसच्या डाव्या अंगाला अंगठ्याखाली बारा बटणे आहेत. ती कीबोर्डच्या नंबर पॅडची बटणे म्हणून काम करतात : 1 ते 9, मग 0, वजा आणि अधिक. नुसती दाबली तर ठीक चालतात. शिफ्ट धरून दाबली की सगळा घोळ. मी शिफ्ट आणि 8 दाबते, तर माझी प्रीस्ट हील करायची सोडून एक पाऊल पुढे जाते. शिफ्ट आणि 4 दाबले की डावीकडे वळते. शिफ्ट आणि 2 दाबले तर मागे सरकते. 9 दाबले की चॅटची खिडकी वर सरकते आणि 5 दाबले तर काहीच होत नाही. बारापैकी वजा आणि अधिक ही शेवटची दोन तेवढी सरळ वागतात.

हे तपासायला खेळसुद्धा लागत नाही. आपल्या कार्यालयात कोणीही नोटपॅड उघडावे, नमलॉक (नंबर पॅडवर आकडे चालू करणारे बटण) लावावे आणि शिफ्ट धरून बाजूचे 4 दाबावे. आकडा उमटणार नाही, कर्सर डावीकडे सरकेल. नमलॉक चालू असताना शिफ्ट धरून नंबर पॅड दाबला की विंडोज त्या बटणाला बाण किंवा होम-एंड समजते आणि शिफ्ट तेवढ्यापुरती सोडली आहे असे प्रोग्रामला कळवते. 1981 च्या पहिल्या आयबीएम पीसीच्या 83 बटणांच्या कीबोर्डवर बाणांची वेगळी बटणेच नव्हती, ती नंबर पॅडवरच होती, तेव्हापासूनची ही रीत. म्हणजे जी गोष्ट चाळीस वर्षांहून जास्त काळ सगळ्यांना ठाऊक आहे, ती माउस बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक नसावी हे मला पटत नाही.

आता हीलरला शिफ्ट कशाला लागते, ते सांगते. कारण आपल्या एका प्रतिनिधीने मला ‘मॅडम, शिफ्ट न वापरता खेळा’ असा सल्ला दिला आहे.

हीलरला दर क्षणी ठरवायचे असते की काय द्यायचे आणि कोणाला द्यायचे. ‘कोणाला’ हे दर वेळी क्लिक करून निवडत बसले तर समोरचा तोवर मरतो. म्हणून आम्ही खेळातल्या मॅक्रोमध्ये, म्हणजे एका बटणावर बसवलेल्या छोट्या आज्ञेत, अटी लिहितो. माझा फ्लॅश हीलचा मॅक्रो असा : आधी कास्ट, मग पहिल्या चौकोनी कंसात माउसओव्हर, हेल्प, नोडेड; दुसऱ्या कंसात टार्गेट, हेल्प, नोडेड; तिसऱ्यात प्लेअर; आणि शेवटी फ्लॅश हील. खेळ हे डावीकडून वाचत जातो आणि जी अट पहिल्यांदा खरी ठरेल तिथे थांबतो. कर्सर ज्याच्या नावावर आहे तो आपल्या बाजूचा आणि जिवंत असेल तर हील त्याला. नाहीतर जो टार्गेट केलेला आहे त्याला, तोही आपलाच आणि जिवंत असेल तर. तेही नसेल तर मला स्वतःला. नोडेड लिहिले नाही तर कर्सर मेलेल्या गड्यावर राहिला की बटण दाबूनही काही निघत नाही, आणि ऐन धामधुमीत ते लक्षातही येत नाही. या रचनेमुळे माझे टार्गेट बॉसवरच, म्हणजे समोरच्या मुख्य शत्रूवरच, राहते आणि तो कोणती जादू भरतो आहे ते मला दिसत राहते. कर्सर रिकाम्या जागी असला तरी टँकला, म्हणजे शत्रूचा मार स्वतःवर घेणाऱ्या गड्याला, हील पोहोचावी म्हणून एका बटणावर मी टार्गेटटार्गेट ठेवले आहे, म्हणजे बॉस ज्याला मारतो आहे त्याला. तो बहुतेक वेळा टँकच असतो.

अशा बारा बटणांवर बारा मॅक्रो, आणि शिफ्ट धरली की आणखी बारा. रोजच्या हील साध्या बटणांवर आणि अडीअडचणीच्या शिफ्टवर, अशी माझी वाटणी. आपल्या माउसवर नेमक्या अडीअडचणीच्याच गेल्या.

परवा काय झाले ते ऐका. आमचा गट सगळा इकडचाच : टँक धुळ्याचा, बाकीचे भुसावळ, अमळनेर आणि शहाद्याचे. भारतात या खेळाचा सर्व्हर नाही, आम्ही युरोपच्या सर्व्हरवर खेळतो. शेवटचा बॉस, टँकच्या जिवाची पट्टी पाव भागाच्याही खाली आलेली, कर्सर त्याच्या नावावर. शिफ्ट आणि 8 वर माझे गार्डियन स्पिरिट आहे, त्याने मरणारा माणूस वाचतो. तिकडून हेडफोनमध्ये तो ओरडतोय, ‘ताई, माले हील टाक ना वं, मी मरी ऱ्हायनू!’ मी दाबले आणि माझी प्रीस्ट सरळ पुढच्या आगीत जाऊन उभी राहिली. टँक गेला, पाठोपाठ मी, मग बाकीचे. कीस्टोन, म्हणजे मोहीम किती अवघड ते ठरवणारा दगड, एका पातळीने खाली आला. गटातल्या पोरांनी मला काय काय म्हटले ते या पत्रात लिहिण्यासारखे नाही, आणि अहिराणीत ते फारच रसाळ होते.

याच्यावर आपल्या ग्राहक सेवेने सुचवलेले उपायही एकदा पाहून घ्या.

पहिला उपाय, नमलॉक बंद करा. बंद केले की 2, 4, 6, 8 ही चार बटणे कायमची बाण होतात आणि कीबोर्डवरचे बाण कोणते, माउसवरचे कोणते हे खेळाला वेगळे करता येत नाही. शिवाय नमलॉक अख्ख्या कॉम्प्युटरचे असते, एकट्या माउसचे नाही. याच कॉम्प्युटरवर सकाळी मी टॅलीत मिलची व्हाउचर भरते. तुरीच्या गाडीची रक्कम टाकायला जावे आणि कर्सर स्क्रीनभर पळत सुटावा, हे मला परवडणारे नाही.

दुसरा उपाय जास्त गंभीर आहे. ‘आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅक्रो रेकॉर्ड करा, एका बटणात पाच हील टाका.’ खोक्यावरही ‘एका बटणात पूर्ण हील’ असे छापले आहेच. आपल्याकडे कोणालाच खेळातला मॅक्रो आणि आपल्या सॉफ्टवेअरमधला मॅक्रो यातला फरक माहीत दिसत नाही. खेळातला मॅक्रो जास्तीत जास्त 255 अक्षरांचा असतो आणि एका दाबाला त्यातून एकच हील निघते, कारण त्यानंतर साधारण दीड सेकंदाचा ग्लोबल कूलडाउन, म्हणजे पुढची जादू करण्याआधीचा सक्तीचा थांबा, असतो. हेस्ट (पात्राचा जादू करण्याचा वेग) वाढली की तो कमी होतो, पण सुटत नाही. खेळातला मॅक्रो फक्त ‘कोणाला’ हे ठरवायला मदत करतो, आणि तेही मी कर्सर जिथे नेला त्यावरून. पूर्वी काही ॲडऑन (खेळाला जोडायचे बाहेरचे छोटे प्रोग्राम) स्वतःच माणूस निवडून द्यायचे, डिसेंबर 2006 च्या 2.0 पॅचने, म्हणजे खेळाच्या अपडेटने, ते बंद पाडले. आपले रेकॉर्डिंग मात्र पाच बटणे एकामागून एक आपोआप दाबते. समोर कोण मरतो आहे याचा त्याला पत्ता नाही, आणि असे आपोआप खेळवणे खेळाच्या नियमांत बसत नाही. आपला सल्ला ऐकून माझे खाते बंद झाले असते तर ते आपण भरून देणार होतात का?

एकाच बटणाचे रेकॉर्डिंगही करून पाहिले. आपले सॉफ्टवेअर ते चालवण्याआधी मी धरलेली शिफ्ट स्वतःच सोडून देते, त्यामुळे तोही रस्ता बंद. आणि बाजूच्या बटणाला कीबोर्डचे साधे एखादे बटण नेमून द्यायची सोय सॉफ्टवेअरमध्ये नाहीच. आवाज कमी-जास्त करायची आणि गाणे बदलायची मात्र आहे. हीलरला गाणे बदलायची फार घाई असते असे आपल्याला वाटत असावे.

माउस हातात चांगला बसतो, चाक छान आहे, वायरही मजबूत. म्हणूनच तो परत करण्यापेक्षा दुरुस्त झालेला मला जास्त आवडेल. बाजूच्या बटणांना नंबर पॅडऐवजी कीबोर्डच्या वरच्या ओळीतले आकडे नेमता येतील असे अपडेट द्या. ते आकडे शिफ्टसोबत नीट चालतात, काम तेवढ्यावर भागेल. ते जमणार नसेल तर माउस आपल्या खर्चाने उचलून न्या आणि पूर्ण रक्कम परत करा. दोन्हींपैकी काहीही केलेत तरी ‘एका बटणात पूर्ण हील’ हा मजकूर खोक्यावरून आणि वेबसाइटवरून काढा, तो वाचून नवीन पोरे आपले खाते धोक्यात घालतील.

माल आपल्याच वेबसाइटवरून घेतला असल्याने ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 आपल्याला लागू आहेत. त्यानुसार या तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवे. तसे झाले नाही तर मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फीही लागत नाही. तेव्हा ‘आमचे कार्यालय तिकडे नाही’ हे उत्तर कृपया देऊ नये.

उत्तर लेखी द्यावे. फोन करायचाच असेल तर ज्याने एकदा तरी हीलर खेळला आहे अशा माणसाला बसवा, आणि सायंकाळी सातनंतर करा. दिवसा मिलमध्ये मशीनच्या आवाजात काही ऐकू येत नाही.

आपली,
एक ग्राहक, जळगाव

सोबत : बिलाची प्रत, खोक्यावरील मजकुराचा फोटो, नोटपॅडमधील चाचणीचा व्हिडिओ