कंपवात जनजागृती अभियान, इंदूर : मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार,

११ एप्रिल, म्हणजे जागतिक पार्किन्सन (कंपवात) दिन, तोंडावर आला आहे. छापखान्याला मजकूर द्यायचा आहे आणि हाताशी निम्मेही पैसे नाहीत, म्हणून हे पत्र घाईत लिहीत आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

आधी आभार. रामबागेतल्या निवृत्त शिक्षिकाबाईंनी पहिल्याच वर्षी एका महिन्याची अख्खी पेन्शन आणून दिली, तिथून हे अभियान उभे राहिले. सराफ्यातले एक पेढीवाले दरवर्षी न मागता कागदाचा खर्च उचलतात आणि ‘नाव छापाल तर पुढल्या वर्षी देणार नाही’ असा दम भरतात, म्हणून नाव देत नाही. लोकमान्य नगरच्या भजनी मंडळातील भगिनींनी गेल्या खेपेला कागदाची सहाशे लाल ट्यूलिप फुले कातरून दिली. हे फूल जगभर या आजाराची खूण मानले जाते. नेहरू पार्कात रविवारी सकाळी येऊन शुभार्थींकडून, म्हणजे कंपवात झालेल्यांकडून, व्यायाम करून घेणारे दोन्ही फिजिओथेरपिस्ट, उधारीवर पत्रके छापून देणारे छापखानेवाले, स्वतःच्या स्कूटरवरून फलक पोहोचवणारी आपली तरुण मंडळी, या सगळ्यांचे ऋण फिटणारे नाही.

एक सल मात्र बोलून दाखवतो. नाटकाला, दिवाळी पहाटेला आपला हॉल ओसंडून वाहतो. गेल्या एप्रिलच्या व्याख्यानाला अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होत्या. बोलवायला गेलो की ‘आमच्या घरात कुणाचे हात थरथरत नाहीत’ हेच उत्तर. इथेच सगळी चूक होते आणि यंदाचे अभियान त्यासाठीच आहे.

सगळ्यांचेच हात थरथरत नाहीत. या आजाराचे मुख्य लक्षण मंदपणा आहे. सदऱ्याच्या गुंड्या लावायला वेळ लागणे, चालताना एकच हात न हलणे, चेहऱ्यावरचे भाव कमी होणे, आवाज बसका होणे. वास न येणे, बद्धकोष्ठता, झोपेत ओरडणे किंवा हातपाय झाडणे तर कित्येकदा बरीच वर्षे आधीपासून असते. मेंदूत डोपामिन (हालचाली सुरळीत ठेवणारे रसायन) तयार करणाऱ्या पेशी हळूहळू मरत जातात, आणि चालण्या-वागण्यातला फरक नजरेत भरेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. घरचे ‘वय झालं’ म्हणतात आणि दोन-दोन वर्षे निघून जातात. डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजाराचे वर्णन ‘शेकिंग पाल्सी’ (थरथरता लकवा) या नावाने केले, आपल्या वैद्यकात ‘कंपवात’ हा शब्द आहेच. दोन्हीकडच्या नावांमुळे लोकांच्या मनात कंपच बसला आहे.

म्हणून यंदाच्या पत्रकावर हस्ताक्षराचा नमुना छापत आहोत. कोऱ्या, बिनरेघी कागदावर एकच वाक्य पाच वेळा लिहायचे. या आजारात पुष्कळदा पहिली ओळ ठीक येते, मग शिरोरेघ कशीबशी ओढली जाते आणि तिच्याखालची अक्षरे मुंगीएवढी होत जातात. सही जुळत नाही म्हणून चेक परत येतो, तोही यातलाच प्रकार असू शकतो. यावरून निदान होत नाही, रक्ताच्या साध्या तपासणीनेही होत नाही. न्यूरॉलॉजिस्टने तपासावे लागते, पण तिथवर पोहोचायला हे कारण पुरेसे आहे.

दुसरे पत्रक औषधांच्या दुकानांसाठी. ‘गोळी लागूच पडत नाही’ ही तक्रार कितीदा तरी येते. लेव्होडोपाची (या आजारावरच्या मुख्य औषधाची) गोळी दूध, पनीर, वरण यांच्याबरोबर घेतली की प्रथिने तिच्या वाटेत येतात, आतड्यातही आणि मेंदूत शिरतानाही. जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घ्यावी, मळमळत असेल तर एखादे साधे बिस्किट चालते. गोळी मनाने अचानक बंद करणे धोक्याचे आहे. उलटीची मेटोक्लोप्रामाइड आणि चक्करेची सिनारिझिन, फ्लुनारिझिन ही औषधे दीर्घकाळ घेतल्यास कंपवातासारखीच लक्षणे दिसू शकतात, म्हणून डॉक्टरांना आधीच्या सगळ्या गोळ्या दाखवाव्यात.

तिसरे, पट्ट्यांचे प्रात्यक्षिक. दाराशी किंवा वळताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. तेव्हा घरचे हात धरून ओढतात आणि शुभार्थी तोंडावर पडतो. ओढायचे नाही. थांबावे, सरळ उभे राहावे, वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्यावे, मग मोठे पाऊल टाकावे. फरशीवर आडव्या, फरशीहून वेगळ्या रंगाच्या पट्ट्या सव्वा ते दीड फुटावर लावल्या की पुष्कळांचे पाऊल उचलते. साधी सेलोटेप नको, तिच्या कडा उचकटतात आणि त्यातच पाय अडकतो. फरशी पुसून कोरडी करून फ्लोअर टेपच लावावी.

आता हिशेब. पत्रके १२,००० (हिंदी ८,०००, मराठी ४,०००) २४,००० रु.; कापडी फलक १२, प्रत्येकी ९०० प्रमाणे १०,८०० रु. (साल छापणार नाही, पुढेही वापरता येतील). भोंग्याची रिक्षा ५ दिवस ९,००० रु.; टेप व चटया ४,२०० रु.; हॉल व खुर्च्या ११,००० रु. एकूण ५९,००० रु. शिल्लक २२,०००, कमी ३७,०००. रोख, चेक किंवा कार्यालयातील फलकावरचा क्यूआर कोड, वेळ संध्याकाळी ६ ते ८, पावती लगेच. २४ कार्यकर्ते हवेत, एका ठिकाणी दोघे. घरोघरी जाणाऱ्यांनी सकाळी कचरागाडी येऊन जाताच निघावे, त्या वेळी घरची मंडळी दारातच असतात. बागेत फिरणाऱ्यांच्या हाती पत्रक देऊ नये, चष्मा जवळ नसतो आणि कागद बाकावर राहतो. बँक, मेडिकल आणि दवाखान्याच्या काउंटरवर ठेवावे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये पार्किन्सनचा समावेश आहे, प्रमाणपत्राचा अर्ज भरून देणारे कुणी असल्यास जरूर कळवावे.

रक्कम व नावे ३१ मार्चपर्यंत यावीत, छपाईला एवढाच वेळ आहे.

आपला स्नेहाकांक्षी,
सचिव

ता. क. : थरथरत्या हाताचे चित्र असलेली गेल्या वर्षीची पत्रके कुणाकडे उरली असतील तर वाटू नयेत, कार्यालयात परत आणून द्यावीत. पाठकोरी आहेत, हस्ताक्षराच्या प्रात्यक्षिकाला उपयोगी पडतील.