पाटावरचं सरकार

अल्बुकर्की, न्यू मेक्सिको
२९ मार्च

प्रिय बापू,

तुझा टोमणा पोचला. 'सहा वर्षं झाली, पण अमेरिकेत नेमका कुठं राहतोस ते गावात कोणालाच सांगता येत नाही.' बरोबर आहे. न्यू मेक्सिको म्हटलं की लोक 'म्हणजे मेक्सिकोत का?' असं विचारतात. आणि हे फक्त आपल्याकडं होतं असं समजू नको. अमेरिकेतल्याच लोकांची इतकी गल्लत होते की इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर राज्याच्या नावापुढं 'यूएसए' छापलेलं असतं. शहराचं नाव वाचून तुला गोव्याचा आल्बुकर्क आठवेल, पण हा तो नव्हे. १७०६ मध्ये हे गाव वसलं तेव्हाच्या स्पॅनिश व्हाइसरॉयच्या सरदारकीवरून हे नाव पडलं.

आज लिहायला बसलो त्याचं कारण माझे तळहात. दोन्हींवर फोड आलेत. काल दिवसभर पाट साफ केला.

माझ्याबरोबर काम करणाऱ्या एकाच्या वडिलांची उत्तरेला, डिक्सनजवळ, थोडी जमीन आहे. सफरचंदाची झाडं, मका, मिरची. तिथं पाटाला 'असेकिया' म्हणतात. शब्द मूळचा अरबी, 'अस-साकिया'. अरबांनी तो स्पेनात नेला, स्पॅनिश लोकांनी इथं आणला. दर वसंतात, बर्फ वितळून नदीला पाणी यायच्या आधी, पाटावरच्या प्रत्येक खातेदारानं फावडं घेऊन यायचं नाहीतर बदली माणूस द्यायचा. म्हातारबाबांचा गुडघा गेलाय, मुलाला सुटी नव्हती, म्हणून बदली माणूस मी!

सकाळी आठला तिसेक जण जमले. चांगलीच थंडी होती. 'मायोर्दोमो', म्हणजे पाटाचा कारभारी, हातात काठी घेऊन पाटात उतरला, काठीनं मोजून प्रत्येकाचा तुकडा आखून दिला, आणि सगळे एकदम खणायला लागले. गाळ, विलोची मुळं, बिअरचे डबे, एक फाटका बूट. सगळ्यांचे तुकडे झाले की मायोर्दोमो ओरडतो, 'व्हुएल्ता!' मग पुढं सरकायचं, नवा तुकडा. माझं काम त्याला पसंत नव्हतं. दोनदा मागं बोलावून कडा सरळ करायला लावल्या. बापू, तो माणूस वाकून कडेची माती चाचपायला लागला ना, तेव्हा मला थेट आमचे आबा दिसले. पांझरा नदीच्या फडावर, त्या सामायिक पाटाच्या शेतीवर, पाटकरी होते तेव्हा ते असंच करायचे.

आणि खरंच सगळं फडासारखं आहे रे! नदीला बांध, बांधातून पाट, पाण्याच्या पाळ्या, टंचाईत सगळ्यांनी मिळून कमी घ्यायचं. फरक एवढाच की इथं हे कायद्यात बसवलंय. असेकिया म्हणजे राज्याच्या कायद्यानं मानलेली स्थानिक शासनसंस्था. खातेदार मत देऊन तीन कमिशनर आणि एक मायोर्दोमो निवडतात. राज्यात असे सुमारे सातशे पाट आहेत. २००३ मध्ये कायद्यात असंही आलं की पाटाबाहेर पाणी विकायचं असेल तर पाटाची परवानगी लागेल, नियमावलीत तशी तरतूद केलेली असली म्हणजे झालं. शहरातला बिल्डर एकट्या शेतकऱ्याला पैसे दाखवून पाणी उचलून नेईल, तर ते आता तितकं सोपं नाही. हे ऐकून मी मनात आपल्या गावचे चेहरे एकेक करून आठवत होतो. कोणाचे, ते तुला कळलंच असेल.

पाण्याला इतकं का जपतात ते आकड्यांवरून कळेल. राज्य आपल्या महाराष्ट्राहून किंचित मोठं, सुमारे तीन लाख पंधरा हजार चौरस किलोमीटर. माणसं एकवीस लाख, म्हणजे नागपूर शहराहूनही कमी. अल्बुकर्कीत वर्षाचा पाऊस जेमतेम नऊ इंच. आपण साक्रीला दुष्काळी म्हणतो! उत्तरेचे डोंगर चार हजार मीटरपर्यंत जातात, त्यांच्यावरचं बर्फ हाच इथला साठा. मधून रिओ ग्रांदे उत्तर-दक्षिण वाहते आणि जुनी वस्ती बरीचशी तिच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठानं.

वस्तीही किती जुनी! ताओस पुएब्लो या मूळ रहिवाशांच्या गावातली मातीची मजली घरं, दरवर्षी हातानं लिंपलेली, त्यांत लोक जवळपास हजार वर्षं राहतायत. स्पॅनिश वसाहत १५९८ ची. सांता फे राजधानी झाली १६१० मध्ये, शिवजन्माच्या वीस वर्षं आधी. आणि महाराज गेले त्याच १६८० साली, ऑगस्टमध्ये, इथल्या पुएब्लो गावांनी उठाव करून स्पॅनिशांना हाकलून दिलं. पुढारी होता पोपे. वेगवेगळ्या भाषा बोलणारी गावं, एकमेकांपासून कोसांवर. त्यांना दिवस कसा कळवायचा? धावणाऱ्यांकडून गाठी मारलेल्या दोऱ्या धाडल्या. रोज एक गाठ सोडायची, शेवटची सुटली की उठायचं. बारा वर्षं स्पॅनिशांना इथं परत सत्ता मिळवता आली नाही.

पुढचं भराभर सांगतो. १८२१ नंतर मेक्सिको, १८४६ मध्ये अमेरिकेचं लष्कर, १८४८ च्या तहानं मुलूख अमेरिकेचा, आणि तरी पूर्ण राज्य व्हायला १९१२ उजाडलं. सत्तेचाळिसावं राज्य. स्पॅनिश बोलणारे कॅथलिक लोक वॉशिंग्टनला आपले वाटत नव्हते, हे एक मोठं कारण. म्हणून राज्यघटनेत लिहूनच ठेवलं की इंग्रजी किंवा स्पॅनिश येत नाही म्हणून कोणाचं मत काढून घेता येणार नाही. मूळ रहिवाशांना मात्र राज्याच्या निवडणुकीत मत मिळालं १९४८ मध्ये, तेही इस्लेता पुएब्लोचे मिगेल त्रुहियो कोर्टात गेले तेव्हा.

ताओसवाल्यांचं पवित्र ब्लू लेक सरकारनं १९०६ मध्ये जंगलखात्याला जोडून टाकलं होतं. पैसे देऊ केले तर त्यांनी घेतले नाहीत, तळंच मागितलं. १९७० मध्ये निक्सननं सही केली आणि अठ्ठेचाळीस हजार एकर परत मिळाले. पाणी पुन्हा!

विधानभवन गोल आहे, म्हणून सगळे 'राउंडहाउस' म्हणतात. आमदारांना पगार नाही, फक्त दिवसाचा भत्ता. अधिवेशन एका वर्षी साठ दिवस, दुसऱ्या वर्षी तीस. ऐकायला छान वाटतं. पण पगार नाही म्हणजे ज्याची पोटापाण्याची सोय आधीच झालीय तोच आमदार होणार, असं आमचा मायोर्दोमो म्हणाला. त्यालाही वर्षाकाठी थोडकंच मिळतं, त्यामुळे त्याला बोलायचा हक्क आहे.

अणुबाँबची पहिली चाचणी इथलीच, १६ जुलै १९४५. ओपेनहायमर आणि गीता हे आपल्याकडं सगळ्यांना पाठ आहे. त्या भागातली घरं छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवून प्यायची, हे मला इथं येऊन कळलं. राख त्याच छपरांवर पडली. नुकसानभरपाईच्या कायद्यात त्या लोकांचं नाव आलं २०२५ मध्ये.

दुपारी पाटाच्या कडेला बसून जेवलो. बीन्स, मक्याच्या पोळ्या आणि मिरचीचा रस्सा. इथं कुठंही जेवायला बसा, पहिला प्रश्न 'लाल की हिरवी?' हा राज्याचा अधिकृत प्रश्न आहे, चेष्टा नाही. दोन्ही हवी असेल तर 'ख्रिसमस' म्हणायचं. मिरची याच खंडातून पोर्तुगीजांनी आपल्याकडं आणली, असं मी सांगितलं तर एक आजीबाई म्हणाल्या, 'मग तुम्ही त्याआधी काय खात होतात?' त्यांना मिरं माहीत होतं, पण त्यावर भागत असेल हे काही त्यांना पटलं नाही.

आता माझं एक काम कर. म्हातारबाबांनी विचारलं, तुमच्या फडावर पाणी कमी पडलं की आधी कोणतं पीक सोडून देत, आणि ते ठरवत कोण? मला नीट सांगता आलं नाही. आबा गेले तेव्हा मी बारावीत होतो, विचारायचं राहूनच गेलं. तुझ्या काकांना अजून आठवत असेल. त्यांच्याजवळ बस आणि ते बोलतील तसं रेकॉर्ड करून पाठव. जागल्याला धान्य किती मिळायचं तेही विचार. पंधरा मेला तिकडं शेतकऱ्यांच्या संताचा, सान इसिद्रोचा सण असतो, तेव्हा मी पुन्हा जाणार आहे. त्याआधी मिळालं तर बरं.

काकूंना नमस्कार. फोडांना हळद लावलीय, आईला सांगू नको.

तुझा,
संज्या