डेक ‘अपग्रेड’ करण्याआधी दुरुस्त तर करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुने कॅसेट डेक पुन्हा वापरात आणण्याविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख आवडीने वाचला. लेखकाची या यंत्रांवरची माया ओळीओळीत जाणवते. मात्र त्यांनी सांगितलेला कामाचा क्रम मला उलटा वाटतो. आधी सर्किटवरचे सगळे कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) आणि ऑप-अँप (आवाजाचा संकेत मोठा करणाऱ्या चिप) बदलून टाकावेत व यांत्रिक भागाकडे मग सवडीने पाहावे, असे त्यांनी सुचवले आहे. नेमक्या याच क्रमाने जाऊन मी एक उत्तम डेक जवळजवळ वाया घालवला होता, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या त्या तीन हेडच्या (हेड म्हणजे फितीवर आवाज उमटवणारा किंवा तो वाचणारा भाग) डेकवर पियानोचा लांबलेला सूर पाण्यातल्या सावलीसारखा थरथरत असे. दोष जुन्या सुट्या भागांचा असणार, असे गृहीत धरून मी तीन रात्री सोल्डरिंग करत बसलो आणि चाळीसएक कपॅसिटर बदलले. सूर होता तसाच थरथरत राहिला. शेवटी पिंच रोलर, म्हणजे फीत पुढे सरकवणारे रबरी चाक, काढून त्यात नख रुतवून पाहिले, तर नख रुतेचना. रबर कठीण आणि काचेसारखे गुळगुळीत झाले होते. तो रोलर बदलायला मला पंधरा मिनिटे लागली, आणि त्याच कॅसेटवरचा तोच सूर सरळ उभा राहिला.

यात आश्चर्य काही नाही. फिलिप्सने १९६३ मध्ये ही कॅसेट आणली ती मुख्यतः बोलणे ध्वनिमुद्रित करण्यासाठी. संगीताचा भार तिच्यावर नंतर पडला. जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंदीची फीत सेकंदाला फक्त ४.७६ सेंटिमीटर सरकते, आणि हा वेग कॅपस्टनची बारीक दांडी व तिच्यावर दाबून बसलेला रबरी रोलर यांच्यावर अवलंबून असतो. त्यात कसूर झाली तर ती भरून काढणे पुढच्या कोणत्याही सर्किटच्या हाती नाही. मोटरची गती पुल्यांपर्यंत नेणाऱ्या रबरी पट्ट्यांचीही तीच गत. वर्षानुवर्षे बंद पडलेल्या डेकमधला पट्टा कित्येकदा डांबरासारखा वितळून पुलीला चिकटलेला असतो. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसताना बोटे काळी होतात. पण पुलीच्या खाचेत त्याचा पातळ थर जरी उरला तरी नवा पट्टाही डगमगतच फिरतो. नवा पट्टा जुन्याच्या मापाने घेऊ नये, कारण जुना ताणून सैल झालेला असतो. पुल्यांभोवती दोरा फिरवून माप घ्यावे आणि पट्टा त्याहून थोडा लहान निवडावा.

लेखात हेडच्या कोनाला, म्हणजे अझिमथला, एकच वाक्य मिळाले आहे. मला विचाराल तर निम्मा लेख त्यावरच हवा होता. ४.७६ सेंटिमीटरच्या वेगाने १०,००० हर्ट्झचा ध्वनी फितीवर उमटतो तेव्हा त्याच्या एका लहरीची लांबी ४.७६ मायक्रॉन भरते. स्टिरिओतील एका ट्रॅकची रुंदी सुमारे ०.६ मिलिमीटर असते. हेडवरची आवाज वाचणारी बारीक फट या रुंदीत एका लहरीइतकी तिरकी झाली, तर तो ध्वनी स्वतःलाच छेदून पूर्ण नाहीसा होतो, आणि त्यासाठी अर्ध्या अंशाहूनही कमी कोन पुरतो. ‘आवाज बसका झाला, हेड झिजले’ असे म्हणून जे डेक टाकून दिले जातात, त्यांतल्या बऱ्याच डेकचे दुखणे हेडशेजारच्या एका लहानशा स्क्रूत असते.

पण त्या स्क्रूला हात लावण्याआधी एक धोका ध्यानात घ्यायला हवा. ज्या डेकचे हेड वर्षानुवर्षे तिरके होते, त्याच डेकवर ध्वनिमुद्रित केलेल्या कॅसेटही तेवढ्याच तिरक्या असतात, आणि त्या खुलून वाजतात त्याच चुकीच्या कोनात. प्रमाणित टेस्ट टेप लावून हेड काटेकोर सरळ केले की विकतच्या कॅसेट चमकू लागतात, आणि घरच्या माणसांचे आवाज मात्र गोधडीआडून आल्यासारखे ऐकू येतात. म्हणून घरगुती ध्वनिमुद्रणे आहेत त्या कोनात आधी संगणकावर उतरवून घ्यावीत आणि मगच स्क्रू फिरवावा.

आता कपॅसिटरविषयी. वीजपुरवठ्यातले जुने इलेक्ट्रोलिटिक, फुगलेले किंवा गळणारे, बदलायलाच हवेत. त्याबद्दल माझा वाद नाही. पण सरसकट बदलाच्या आणि ‘भारी’ ऑप-अँपच्या मोहातून पदरात फारसे काही पडत नाही, कारण फितीची स्वतःची सरसर बहुतेक चांगल्या डेकच्या सर्किटच्या गोंगाटापेक्षा बरीच मोठी असते. उलट वेगवान ऑप-अँप जुन्या सर्किटमध्ये बसवला, तर तो ऐकू न येणाऱ्या उंच कंपनसंख्येवर आंदोलने करू लागण्याची शक्यता असते. त्याहून वाईट खोड म्हणजे हाताशी आलेले ट्रिमर, म्हणजे पातळी जुळवण्याचे छोटे स्क्रू, अंदाजाने फिरवणे. डॉल्बी बी ही सरसर कमी करणारी यंत्रणा फितीवरच्या आवाजाची पातळी पाहून उंच स्वर कमी-जास्त करते. प्लेबॅकची पातळी हलली की तिचा हिशेबच चुकतो, आणि ऐकणारा दोष मात्र डॉल्बीला देतो. आज नव्याने निघणाऱ्या कॅसेट यंत्रांत डॉल्बीची मूळ चिप नसते, त्यामुळे जुन्या डेकमधली शाबूत असलेली डॉल्बी बिघडवणे अधिकच जिवाला लागते.

लेखाचा पुढचा भाग येणार असल्याचे आपण जाहीर केले आहे. त्यात रबर, ग्रीस, वेग आणि कोन हा क्रम आधी द्यावा, सोल्डरिंग शेवटी. आणि स्क्रू किंवा ट्रिमर फिरवण्याआधी त्याच्या मूळ जागेची खूण करून फोटो काढून ठेवण्याची सूचना ठळक अक्षरांत छापावी, अशी विनंती आहे. मी ती खूण केली नव्हती, आणि माझ्या डेकचा उजवा चॅनेल अजूनही डाव्यापेक्षा किंचित हळू आवाजात बोलतो.

आपला,
एक वाचक