दादा, मूळव्याध म्हणून सोडून देऊ नकोस

लेस्टर,
रविवार

प्रिय दादा,
नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की तू "बरं बरं" म्हणतोस आणि फोन आईच्या हातात देतोस, म्हणून पत्र लिहितेय. एकटा असताना वाच. वहिनीवर रागावू नकोस. दीड महिना झाला, तुला संडासला रक्त पडतंय आणि तू मूळव्याधीचं चूर्ण घेत बसलायस, हे तिने मला काळजीपोटीच सांगितलं.

मला पन्नास पूर्ण झाली आणि काही दिवसांतच पोस्टाने एक पाकीट आलं. इंग्लंडमध्ये ५० ते ७४ वयाच्या लोकांना सरकारी आरोग्यसेवा दर दोन वर्षांनी ते घरी पाठवते. आतड्याच्या कॅन्सरची तपासणी, तीही घरच्या घरी. आत बोटाएवढी नळी, नळीत थोडं पाणी, झाकणाला चिकटलेली बारीक काडी आणि काडीच्या टोकाला खाचा. शौच कमोडमधल्या पाण्यात पडू द्यायची नाही, एखाद्या स्वच्छ डब्यात घ्यायची. काडी तिच्यावरून चार-पाच ठिकाणी फिरवायची, खाचा भरल्या की नळीत खुपसून झाकण घट्ट लावायचं, तारीख लिहायची आणि तिकीट न लावता पेटीत टाकायचं. खरं सांगते, पाकीट चार दिवस टेबलावर पडून होतं. मलाही नको वाटत होतं. मग बाबा आठवले आणि पाचव्या दिवशी सकाळी करून टाकलं. पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

डोळ्यांना न दिसणारं रक्त या तपासणीत सापडतं. आतड्याच्या आतल्या अंगाला कोंबासारखी गाठ येते, तिला पॉलिप म्हणतात. सगळेच कोंब वाईट नसतात, पण काहींचा पुढे कॅन्सर होतो, आणि त्याला बहुतेक वेळा कितीतरी वर्षं, दहासुद्धा, लागतात. तेवढ्या काळात ते अधूनमधून थोडं थोडं रक्त सोडतात. पूर्वीच्या तपासणीत तीन दिवस नमुने द्यावे लागायचे आणि मटणामुळेही निकाल चुकायचा. इंग्लंडमध्ये २०१९ पासून जी नवी आली, तिला 'फिट' म्हणतात. ती फक्त माणसाचं रक्त ओळखते. म्हणजे रविवारचा तांबडा रस्सा खाऊन सोमवारी नमुना दिला तरी चालतं. शंभरातल्या दोघा-तिघांना पुढे दुर्बिणीच्या तपासणीला, म्हणजे शौचाच्या वाटेने कॅमेऱ्याची बारीक नळी घालून आतडं बघायला, बोलावतात, आणि त्यांतल्याही बहुतेकांना कॅन्सर नसतो. कोंब सापडला तर दुर्बिणीतूनच काढून टाकतात.

माझा निकाल चांगला आला. तरी दोन वर्षांनी पुन्हा करणार, कारण कोंब रोज रक्त सोडतोच असं नाही.

आता तुझं. दादा, हे पाकीट ज्यांना काही त्रास नाही त्यांच्यासाठी असतं. तुला रक्त डोळ्यांनी दिसतंय. म्हणून बेळगावात एखाद्या लॅबमध्ये शौच तपासून "काही नाही" असा कागद आणलास तरी तो मला नको. तू थेट पोटाच्या डॉक्टरकडे जा आणि दुर्बीण घालून तपासून घे. मूळव्याध असेलही. निघाली तर देवाला नारळ फोडू. पण ती आहे हे डॉक्टरने बघून सांगू दे, आपण घरी बसून ठरवायचं नाही.

बाबांचं काय झालं ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. वर्षभर त्यांनी मूळव्याधीचीच औषधं घेतली. पट्टा सैल होत गेला तेव्हा आई म्हणाली, उन्हाळा आहे, जेवण जात नसेल. शेवटी तू त्यांना मिरजेला नेलंस तेव्हा गाठ यकृतापर्यंत गेली होती. परतताना एसटीत बाबा खिडकीशी बसून निपाणीपर्यंत एक शब्द बोलले नव्हते, हे तूच मला सांगितलंस. वडिलांना झाला की मुलांना धोका जास्त. डॉक्टरला हे आधी सांग, ते विचारेपर्यंत थांबू नकोस.

आपल्याकडे सरकार तिशीपुढच्यांची तोंडाची, स्तनाची आणि गर्भाशयाच्या मुखाची तपासणी करतं, आतड्याची नाही. तुझ्या दारात पाकीट येणार नाही. तुलाच उठून जावं लागेल.

लाज वाटते, हे मी समजू शकते. आपल्या घरात पोट बिघडलं तरी हळू आवाजात सांगायचे. तपासणीत गुंगीचं औषध देतात, बऱ्याच जणांना नंतर काही आठवतही नाही. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध प्यावं लागतं, जास्त त्रास तोच. त्या दिवशी शेतावर जाऊ नकोस, घरीच राहा.

पैशाचं मनात आणू नकोस. मी वहिनीच्या खात्यात पाठवलेत. गुरुवारी सकाळची वेळ घेऊन ठेव, तिला बरोबर ने. मी त्या दिवशी सुट्टी काढलीय, इथे पहाट असली तरी फोन जवळ घेऊन बसेन.

आईला यातलं आत्ताच काही सांगू नकोस. तिला माझा नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझी,
ताई नव्हे, धाकटीच